बिनहॉर्नचे रस्ते

ढाकणे बाईंच्या लेखी जगात रस्ते दोनच प्रकारचे होते. हॉर्नचे आणि बिनहॉर्नचे. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हामार्ग वगैरे त्या वर्गात शिकवत, कारण त्या भूगोलाच्या शिक्षिका होत्या आणि पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. पण शाळेबाहेर त्यांचं वर्गीकरण एवढंच. एखाद्या नव्या गावाचं नाव निघालं, की बाई पहिला प्रश्न विचारायच्या, "तिथं जायला बिनहॉर्नचा रस्ता हाय का?"

जामखेडजवळच्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर गणित शिकवत असे. बाई उंच, सडसडीत, रंगानं चांगल्याच सावळ्या. चष्मा काळ्या दोरीनं गळ्यात अडकवलेला. चालणं असं, की बरोबर चालणाऱ्याला अधूनमधून पळावं लागे. आवाज तर विचारूच नका. माझ्या वर्गातल्या मुलांना भूमितीपेक्षा भूगोलात जास्त मार्क पडायचे, त्याचं कारण दोन वर्गांमधली भिंत पातळ होती. मी पायथागोरस सांगत असताना पलीकडून मोसमी वारे सुरू होत आणि माझी सगळी पोरं तिकडं वाहून जात.

बाईंचा एक धडा दरवर्षी शाळाभर गाजायचा. नगर जिल्ह्याचा पाऊस. फळ्याच्या डाव्या टोकाला त्या सह्याद्री काढायच्या, उंच, टोकदार. तिथून उजवीकडं जमीन उतरत उतरत आणायची. अकोले, संगमनेर, नेवासे करत खडू फळ्याच्या कडेला पोचायचा, तरी जामखेड यायचं बाकीच. मग बाई बेधडक भिंतीवर जायच्या. भिंतीवरून दारापर्यंत. दाराच्या चौकटीशी एक ठिपका द्यायच्या आणि म्हणायच्या, "हे आपण. ढग तिकडं डोंगरावर रिकामे होतात. इथपर्यंत येतात ते नुसते बघायला येतात आपल्याला." मुलं हसायची. हेडमास्तर भिंत बघून दर वर्षी चिडायचे आणि दर वर्षी शिपायाला चुना लावायला सांगायचे.

त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. तो धडा चालू होता. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, तुमी पायलंय का ते? पाऊस पडतो ते गाव?"

भिंतीपलीकडं आवाज एकदम थांबला. माझा वर्गही कान देऊन बसला.

"न्हाई," बाई म्हणाल्या. "मी न्हाई पाहिलं."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही. खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "सातपुते, घाटघर म्हणून गाव हाय. आपल्याच जिल्ह्यात, सगळ्यात जास्त पावसाचं. मी इतकी वर्षं पोरांना त्याचं नाव पाठ करायला लावलं आणि मी स्वतः कोपरगावच्या पुढं गेलेली न्हाई."

कोपरगावला त्या गेल्या होत्या त्या ऊसतोडीला. आई-बाप दर साल दसऱ्यानंतर बैलगाडी जुंपून साखर कारखान्यावर जायचे आणि लहानपणीची कित्येक वर्षं बाईही त्या गाडीत असायच्या. सायकल त्या तिथंच शिकल्या. कारखान्याच्या वॉचमनची मोठी काळी सायकल होती. तो दुपारी झोपला की ही पोरगी नळीखालून पाय घालून, वाकडी होऊन, उसाच्या गाड्यांच्या मधून ती चालवायची. "पडायची भीती नव्हती," त्या सांगायच्या, "वॉचमन जागा व्हायची होती." पुढं एका मास्तरांनी बापाला समजावून त्यांना गावातच आजीकडं ठेवलं आणि त्या शिकल्या. लग्न झालं, मुलगा झाला, नवरा लवकर गेला. हे एवढं सगळं त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं आणि नंतर पुन्हा कधी त्या विषयावर आल्या नाहीत. सायकल मात्र सुटली नाही. शाळेत त्या रोज सायकलवरच यायच्या, साडीचा पदर कमरेला खोचून, आणि वाटेत कुणी स्कूटरवाल्या शिक्षकानं "बसा मागं" म्हटलं, तर "तुमीच या माझ्या मागं" असं उत्तर मिळायचं.

निरोप समारंभाला शाल, श्रीफळ, भाषणं झाली. बाई उत्तराला उभ्या राहिल्या. आता रडणार, अशा तयारीनं सगळे रुमाल काढून बसले होते. बाई म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत मी सायकलवर घाटघरला चाललेय. सोबत सातपुते बाई हायेत."

मला हे पहिल्यांदाच कळत होतं. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजल्यावर माणूस काय बोलणार?

सराव सुरू झाला. उजाडता उजाडता आम्ही गावाबाहेरच्या माळावरून खर्ड्याच्या बाजूला जायचो. मी तेव्हा पंचेचाळिशीची होते, बाई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठ्या, आणि धाप मला लागायची. पहिल्या दिवशी बाई आयुष्यात प्रथमच पंजाबी ड्रेस घालून आल्या, तोही लालभडक. पायात पांढरे बूट, डोक्यावर मुलानं पाठवलेलं हेल्मेट. पारावरची माणसं बोलायची थांबली. बाई सायकलवरून उतरल्या, पारासमोर उभ्या राहिल्या, एक गोल फिरल्या आणि म्हणाल्या, "बघून घ्या सगळ्यांनी एकदाच. रोज रोज मला थांबायला वेळ न्हाई." त्यानंतर कुणी बघितलं नाही. माझ्या कानाशी मात्र त्या कुजबुजल्या, "वर्गात कुणी असल्या रंगाचा ड्रेस घालून आली असती, तर मीच तिला घरी पाठवली असती."

सायकल चालवायचे त्यांचे नियम होते. चढावर बोलायचं नाही. उतारावर वाटेल ते ओरडायचं. चढ फारच झाला तर खाली उतरायचं आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. "जनावरालाबी आपण कधी चालवत नेतोच की," असं म्हणून त्या सायकलच्या हँडलवर थोपटत चालायच्या, वासरू घेऊन निघाल्यासारख्या. प्रत्येक चढाला मार्क द्यायच्या. हा पस्तीसचा, हा साठचा, हा डिस्टिंक्शन. आणि वाटेत कुणाला "अजून किती लांब आहे?" असं विचारायचं नाही. "खेड्यातला माणूस तुझं तोंड बघून अंतर सांगतो," बाई म्हणायच्या. "तू दमलेली दिसलीस की म्हणतो, हे काय, हितंच. त्यापेक्षा विचारावं, तिथली माणसं इथं बाजाराला चालत येतात का? येत असतील तर आपणही पोचू."

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा टेम्पो अकोल्याकडं माल आणायला रिकामा जायचा होता. त्यात सायकली चढवल्या आणि आम्ही दोघी पुढं ड्रायव्हरशेजारी. तो बिचारा वाटभर हॉर्न वाजवायला धजत नव्हता. एकदा समोर म्हशी आल्या तर त्यानं बाईंकडं बघितलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून म्हशींना "सरका" म्हणाला.

अकोल्यात उतरलो. तिथून राजूरला मोठा रस्ता जातो. बाईंनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी एका चहावाल्याला विचारून डोंगराच्या कडेकडेनं, वाड्यावस्त्यांमधून जाणारा लांबचा रस्ता काढला. अर्धा डांबरी, अर्धा मुरमाचा. त्या रस्त्यावर लागल्यावर थोड्या वेळानं मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. मग लक्षात आलं, की कसला आवाजच नव्हता. माझ्याच सायकलच्या साखळीचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकत होते. खाचरांमध्ये भात कापून आडवा घातलेला होता, त्याचा गोडसर वास येत होता. दरीपलीकडच्या शेतात दोन बायका बोलत होत्या. त्यांच्यात आणि आमच्यात अख्खी दरी होती, तरी एकीच्या सुनेनं काय केलं ते आम्हाला सगळं कळलं. बाई तेवढ्यासाठी सायकल थांबवून उभ्या राहिल्या. शेवटी सुनेचीच बाजू बरोबर आहे असा निकाल देऊन पुढं निघाल्या.

पहिला मोठा उतार लागला. बाईंनी ब्रेकवरची बोटं सैल सोडली, मान वर केली आणि त्यांच्या तोंडून एक आरोळी निघाली, लांबलचक, गळ्यातून गडगडत येणारी. मी घाबरले. खाली पोचल्यावर विचारलं, "हे काय होतं?"

"आमचे आबा बैल हाकताना मारायचे," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा वाऱ्यानं उजळला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "लई वर्षं झाली. मला वाटलं नव्हतं ती आत शिल्लक असंल."

त्याच खुशीत पुढच्या वळणावर त्या पडल्या. एक कोंबडी पिलं घेऊन रस्ता ओलांडत होती. बाईंनी सायकल मुरमात घातली. कोंबडी शांतपणे पलीकडं गेली, बाई आडव्या. कोपर सोललं, गुडघा फुटला, मनगट सुजायला लागलं. शेजारच्या घरातली बाई पळत आली, हळद दाबली, चहा केला, आणि कोंबडीला अशा शिव्या दिल्या की ढाकणे बाईच कोंबडीची बाजू घ्यायला लागल्या. "तिचा काय दोष? ती तिच्या बाजूनं चालली होती. मीच वर्गात उशिरा आले."

राजूरला पोचेपर्यंत दिवस मावळायला आला. डॉक्टरांनी मनगट दाबून बघितलं, हाड शाबूत आहे म्हणाले, पट्टी बांधली. एका दुकानाच्या वर दोन खाटांची खोली मिळाली. बाईंनी आधी पेढे आणायला लावले, राजूरचे पेढे खायचे हेही त्यांनी ठरवूनच ठेवलेलं होतं. पेढा तोंडात असतानाच मुलाचा व्हिडिओ कॉल आला.

विक्रम पुण्याला कंपनीत होता. चांगला मुलगा, आईला धरून असणारा. बायकोही नोकरी करणारी, आणि लहान मुलगी पाळणाघरात रडायची. आईनं आता रिटायर झाल्यावर पुण्याला येऊन राहावं, असं त्याचं कधीचं चाललं होतं. बाई "येते, येते" म्हणून ढकलत होत्या. त्यांना नात हवी होती, पण फ्लॅट नको होता, आणि हे दोन्ही एकाच पत्त्यावर होतं.

बाईंनी फोन खिडकीकडं धरला. "हा बघ डोंगर. दिसतोय का? संध्याकाळचा कसा दिसतोय बघ."

"आई, फोन तुझ्याकडं कर."

"अरे, डोंगर बघ ना."

"आई, खिडकीच्या काचेत तुझा हात दिसतोय. पट्टी कसली आहे?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पेढ्याच्या बॉक्सकडं पाहिलं.

"तिथून हलू नका," विक्रम म्हणाला. "मी उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आला, ऑफिसच्या शर्टपँटमध्ये. जिना चढून आला आणि आईचा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघायला लागला. त्या वेळी तो अगदी लहान दिसत होता. मग उठला आणि म्हणाला, "झालं ना आता? बस गाडीत. सायकली वर बांधतो."

"लांबून आलास. आधी पेढा खा."

"आई, मी गंमत करत नाहीये. अठ्ठावन्न वर्षांची बाई तू. रस्त्यात पडलीस. इथं काही झालं असतं तर? मी मीटिंगमध्ये असतो, मला फोन येतो, मी कुठं धावू? तिकडं छकुली रोज विचारते, आजी कधी येणार. तुला इथं काय ठेवलंय?"

मला वाटलं, आता वर्गातला आवाज निघणार आणि खालच्या दुकानातली माणसंसुद्धा उठून उभी राहणार. पण बाई हळूच म्हणाल्या, "येते मी पुण्याला. खरंच येते. पण घाटघर बघून."

"मग चल, आत्ता गाडीतून नेतो. बघू, फोटो काढू, रात्री पुण्यात."

"गाडीतून न्हाई."

"का पण?"

"गाडीतून बघितलं, तर बघितलं असं मला वाटणार न्हाई, विकू. एवढंच. दुसरं कारण न्हाई माझ्याकडं."

विक्रमनं माझ्याकडं बघितलं. मी काही मदत केली नाही, कारण माझंही तेच मत झालं होतं आणि ते कालपासूनच झालेलं होतं.

"हात सुजलाय तुझा. एकटीला कसं सोडू?"

"एकटीला कुठं सोडतोस? चल की तू. सातपुतेची सायकल हाय."

"आणि मी?" मी म्हटलं.

"तू गाडी घेऊन ये."

"मला गाडी चालवता येत नाही, बाई."

"मग जीपनं ये," बाई म्हणाल्या आणि विषय संपला.

ठरलं ते असं. राजूर ते शेंडी हा रस्ता हॉर्नचा, म्हणून तिथपर्यंत गाडीतून जायला बाईंची हरकत नव्हती. शेंडीत भंडारदऱ्याच्या धरणाशी गाडी लावायची. तिथून घाटघरचा रस्ता पाण्याच्या काठाकाठानं जातो. सुट्ट्यांची गर्दी ओसरली होती, आठवड्याचा मधला दिवस. रस्ता सगळा मोकळा. विक्रमनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्याला सायकलवर बसून किती वर्षं झाली होती कोण जाणे. पहिल्यांदा हँडल असं लटपटलं की तो जवळजवळ धरणाकडंच निघाला होता. बाई मागून ओरडल्या, "पुढं बघ! चाकाकडं बघू नको!" मला वाटतं हे वाक्य त्यांनी त्याला फार पूर्वी कधीतरी, दुसऱ्या एखाद्या माळावर सांगितलेलं असणार, कारण विक्रम ते ऐकून एकदम हसला आणि सरळ झाला.

मी गावाकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसले. मुरशेतच्या पुढं आमच्या जीपनं त्या दोघांना मागं टाकलं. ड्रायव्हर हॉर्नला हात घालणार तोच मी ओरडले, "नको, नको!" तो दचकला. दोघं एकामागं एक चालले होते. डाव्या हाताला पाणी काठोकाठ भरलेलं, पलीकडं रतनगड पाण्यात उलटा पडलेला, आणि या बाजूला विक्रम घामानं निथळत, मान खाली घालून पायडल मारतोय. बाई त्याच्या मागं होत्या. त्या सहज पुढं गेल्या असत्या. गेल्या नव्हत्या.

घाटघरला मी फार वेळ थांबले. चांगुणाबाई म्हणून एक बाई अंगणात भात झोडपत होत्या, त्यांनी मला बसायला पोतं दिलं. एक चहा झाला, दुसरा झाला. त्या दोन वेळा रस्त्यापर्यंत जाऊन डोळ्यांवर हात धरून बघून आल्या. "येतील. वाटंत काय वाघ न्हाई," म्हणाल्या. ऊन कललं तेव्हा वळणावर दोन माणसं दिसली. सायकली हातात धरून चालत येत होती. विक्रमनं शर्ट डोक्याला गुंडाळला होता, केसांत गवत अडकलं होतं, आणि ती दोघं इतकी हसत होती की मधूनच थांबत होती.

"ही बाई दर वळणाला थांबते, मावशी," विक्रम मला म्हणाला आणि अंगणात सरळ आडवाच झाला.

"आन हा दर चढाला," बाई म्हणाल्या.

चांगुणाबाईंनी तांब्या पुढं केला. बाईंनी पाणी पिऊन तोंड पुसलं, ओटीवर टेकल्या आणि मग अगदी हळू, जणू देवळात विचारावं तसं विचारलं, "तुमच्याकडं पाऊस फार पडतो म्हणतात."

"लई," चांगुणाबाई म्हणाल्या. "नको नको करतो. कटाळा येतो नुसता."

बाई बघतच राहिल्या. पावसाचा कंटाळा आलेलं माणूस त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या.

"कंटाळा?"

"मंग? कापडं वाळत न्हाईत, सरपान पेटत न्हाई, घरात समदा धूर. म्हयना म्हयना सूर्य दिसत न्हाई. आन एवढा पडून उन्हाळ्यात पुन्हा पाण्याला लांब जावं लागतं. उतारावरनं समदं पळून जातं बाई." मग त्यांनी विचारलं, "तुमी कुठल्या?"

"जामखेडकडच्या."

"तिकडं काय हाय?"

"ऊन," बाई म्हणाल्या. "पोटभर ऊन."

चांगुणाबाई विचार करून म्हणाल्या, "मंग येते एकदा. गोधड्या घेऊन. चांगल्या वाळतील तरी."

बाई हसायला लागल्या. सुरुवातीला तोंडावर हात धरून, मग हात काढून, मग चांगुणाबाईंच्या खांद्याला धरून. चांगुणाबाईंना कळेना की एवढं हसण्यासारखं काय झालं, पण त्याही हसायला लागल्या. अंगणात पडल्या पडल्या विक्रम हसत होता. मला शेवटी झोडपलेल्या भातावर बसावं लागलं.

संध्याकाळी आम्ही कोकणकड्यावर गेलो. जमीन तिथं एकदम संपते. खाली खोल कोकण, निळसर, धुरकट, आणि वारा असा की उभं राहताना पाय रोवावे लागतात. बाई काठापासून थोड्या अलीकडं मांडी घालून बसल्या. फोटो काढू दिला नाही. किती वेळ बसल्या मी बघितलं नाही. विक्रम माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"मावशी, आम्ही एवढे उशिरा का आलो माहीत आहे?" तो म्हणाला. "आई थांबत होती ते माझ्यासाठी. आणि बोलत मीच होतो. ऑफिसचं, घरचं, सगळं. एवढं मी कुणाशीच बोललो नव्हतो. ती चढावर बोलतच नाही ना. नुसती चालत होती शेजारून." मग आईकडं बघत म्हणाला, "तिला पुण्यात आणून मी बाल्कनीत बसवणार होतो."

सायकली जीपवर टाकून आम्ही शेंडीला आलो आणि तिथून परतीच्या वाटेवर गाडीत त्या दोघांचं ठरलं. बाई पुण्याला जातील, छकुलीजवळ राहतील. पण दिवाळीपासून थंडी संपेपर्यंतचे दिवस त्यांचे. त्या दिवसांत त्यांना कुणी "कधी येणार" म्हणून विचारायचं नाही.

तसंच झालं. पुण्यात त्यांची सायकल बाल्कनीत असायची. तिथल्या रस्त्यांवर त्यांनी ती कधी काढली नाही. "हे रस्ते न्हाईतच," म्हणायच्या, "ही नुसती भांडणं हायेत." रोज सकाळी नातीकडून ती पुसून घ्यायच्या, आणि नात पुसता पुसता मोसमी वारे शिकायची. दिवाळी झाली की बाई राजूरला येऊन त्याच दुकानावरची खोली घ्यायच्या आणि तिथून रोज एखादा रस्ता धरायच्या. कुमशेत, आंबित, पाचनई, साम्रद. जिथं दिवसातून एखादीच गाडी जाते अशी सगळी गावं. विक्रम दर वर्षी चार दिवस येतो. त्यानं स्वतःची सायकल घेतली, आणि अजूनही तो दर चढाला थांबतो. मी सुरुवातीची काही वर्षं जात होते. मग माझ्या गुडघ्यानं नकार दिला. "मग तू जीपनं ये," बाई म्हणाल्या, अगदी सहज, आणि मी तेही केलं.

मधूनच त्यांचा फोन यायचा. कुठल्यातरी टेकाडावर रेंज लागलेली असायची. "सातपुते, ऐक," म्हणायच्या आणि फोन हवेत धरायच्या. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. "ऐकलंस?" मी म्हणायची, "ऐकलं." आणि खरं सांगायचं तर जामखेडच्या माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मला ते ऐकू यायचंही.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला राजूरला गेले होते. दोन दिवस राहिले. निघायच्या सकाळी बाई अंधार फिटतानाच सायकल घेऊन बाहेर पडल्या होत्या. निरोप वगैरे द्यायची त्यांना सवय नव्हती. मी आपली एस.टी.त बसले. राजूरच्या खाली थोडं आलो आणि बस थांबली. पुढं मेंढरांचा मोठा कळप रस्ताभर पसरला होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि एकदम शांतता झाली.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं खिडकीतून बोट दाखवलं. "त्या बघा. सायकलवाल्या बाई."

नदीपलीकडच्या डोंगरावर एक बारीक रस्ता वळत वळत वर चालला होता. त्यावर एक लाल ठिपका. ऊन नुकतंच डोंगराच्या त्या अंगाला आलं होतं.

"कोण हो त्या?" एका तरुण बाईनं विचारलं. तिच्या मांडीवर बाळ होतं.

"काय म्हैत," म्हातारा म्हणाला. "दर साली येत्यात. दिवाळी झाली की."

"कुनाच्या हायेत?"

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "आता आपल्याच म्हनायचं," तो म्हणाला.

मीही खिडकीशी सरकले. सगळी बस त्या बाजूच्या खिडक्यांशी आली होती आणि बघत होती. लाल ठिपका एका वळणाशी पोचला. समोरून एक गाय रस्त्याच्या मधोमध, सावकाश, येत होती. बाई सायकलवरून खाली उतरल्या, कडेला झाल्या आणि गाय पूर्ण निघून जाईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. मग पुन्हा बसल्या. मेंढरं सरली, बस सुरू झाली, आणि आमच्या ड्रायव्हरनं, का कोण जाणे, पुढच्या वळणापर्यंत हॉर्न वाजवला नाही.